अंतराळ साम्राज्याचे खेळ: दीडशेव्या टर्ननंतर कोणता टिकतो?

अंतराळात साम्राज्य उभं करण्याच्या खेळांची परीक्षणं बहुतेक वेळा पहिल्या पन्नास टर्नांवर (टर्न म्हणजे खेळाडूची एक पाळी) लिहिली जातात. तो भाग जवळपास सगळ्याच खेळांत छान असतो. नकाशा काळोखात असतो, एक शोधनौका एकेक तारा उजळत जाते, हाताशी एक ग्रह आणि दोन-तीन जहाजं असतात, आणि प्रत्येक निर्णयाला वजन असतं. खरी परीक्षा पुढे आहे. वीस ग्रह झाले, पाच आरमारं झाली, शेजारचे दोघे मांडलिक झाले, की दर टर्नला तीस ठिकाणी क्लिक करावं लागतं आणि त्यातल्या एकाही क्लिकने निकाल बदलत नाही. घोडं तिथे पेंड खातं. म्हणून या आढाव्यात कसोटी एकच आहे: साम्राज्य मोठं झाल्यावर त्याचा कारभार कोण पाहतं, आणि खेळ ते काम किती नीट करू देतो?

हा प्रश्न जुना आहे. १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना ॲलन एमरिक यांनी या प्रकाराला 'फोर-एक्स' म्हटलं: शोधा, पसरा, उपसा, संपवा. सिमटेक्सचा तो खेळ आणि त्याचा १९९६चा दुसरा भाग यांनी घालून दिलेली चौकट आजही फारशी बदललेली नाही. २००३ साली क्विकसिल्व्हरने केलेल्या तिसऱ्या भागाने मात्र नेमका हाच प्रश्न सोडवायला घेतला. प्रत्येक ग्रहावर एक सुभेदार, खेळाडूने फक्त धोरण ठरवायचं, अशी ती कल्पना. कल्पना बरोबरच होती. पण सुभेदार काय करतोय आणि का करतोय हे पडद्यावर धड दिसत नसे, आणि खेळाडूने बदललेली बांधकामाची यादी तो पुन्हा आपल्या मनाप्रमाणे फिरवत असे. अधिकार दिला, हिशेब मागायची सोय ठेवली नाही. आजचे खेळ तपासताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आज या प्रकारात सगळ्यात मोठं नाव 'स्टेलारिस'. पॅराडॉक्सने तो मे २०१६ मध्ये आणला आणि तेव्हापासून त्याचा पाया अनेकदा खणून पुन्हा भरला. फेब्रुवारी २०१८च्या २.० आवृत्तीत प्रवासाचे तीन प्रकार जाऊन हायपरलेनचं, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या मार्गांचं, एकच जाळं राहिलं. डिसेंबर २०१८च्या २.२ मध्ये ग्रहावरच्या चौकटी जाऊन जिल्हे आणि नोकऱ्या आल्या. मे २०२५च्या ४.० मध्ये लोकसंख्या मोजण्याची पद्धतच बदलली. नव्या खेळाडूला याचा पहिला फटका बसतो तो मार्गदर्शक व्हिडिओंमधून. २.१ च्या काळातला सल्ला आज निरुपयोगी आहे, आणि ३.१४ वरचा सल्ला अर्थव्यवस्थेच्या बाबतीत दिशाभूल करणारा. कुठलाही सल्ला वाचण्याआधी तो कुठल्या आवृत्तीवरचा आहे ते पाहा.

४.० चा बदल का करावा लागला ते समजून घेण्यासारखं आहे. आधी प्रत्येक पॉप, म्हणजे लोकसंख्येचं एकक, स्वतंत्र मोजला जाई. तो कुठल्या जातीचा, कुठल्या थरातला, कुठली नोकरी त्याला जास्त जमेल, हा हिशेब प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा होई. आकाशगंगेत हजारो पॉप झाले की प्रोसेसर गुदमरे आणि २४०० सालानंतर खेळातलं एक वर्ष सरता सरत नसे. आता एकाच प्रकारचे पॉप गटाने मोजले जातात आणि जुना एक पॉप म्हणजे नवे शंभर. दिशा योग्य आहे. पण ही आवृत्ती कच्ची बाहेर पडली आणि पहिले काही आठवडे दुरुस्त्यांवर दुरुस्त्या येत राहिल्या. पॅराडॉक्सच्या मोठ्या आवृत्तीला महिनाभर थांबून हात घालावा, हा नियम ४.० ने आणखी पक्का केला. चालू डाव जुन्या आवृत्तीवर असेल आणि तो मोडू द्यायचा नसेल, तर आधी सेव्ह फाइलची वेगळी प्रत काढून ठेवा. मग स्टीमच्या लायब्ररीत खेळाच्या नावावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात बेटाज, आणि तिथल्या यादीतून जुना क्रमांक निवडा. मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले जोडबदल, मात्र आपोआप मागे येत नाहीत. ते त्या क्रमांकाला चालतात का हे एकेक करून तपासावं लागतं.

डाव शेवटपर्यंत खेळण्याजोगा ठेवायचा असेल तर सुरुवातीच्या सेटिंगवर दहा मिनिटं घालवा. आकाशगंगेचे आकार २०० ताऱ्यांपासून १००० पर्यंत आहेत. १००० चा मोह आवरा. ४०० किंवा ६०० पुरे. राहण्याजोगे ग्रह अर्ध्यावर आणा, म्हणजे लोकसंख्याही कमी आणि प्रत्येक चांगल्या ग्रहासाठी भांडणही खरं. हायपरलेन थोड्या विरळ केल्या की नकाशात खऱ्या खिंडी तयार होतात आणि एका भक्कम स्टारबेसने, म्हणजे अंतराळातल्या तळाने, सीमा राखता येते. सगळ्यात महत्त्वाचं, मिड-गेम म्हणजे मधला टप्पा सुरू होण्याचं साल मूळच्या २३०० वरून २२७५ ला आणि एंड-गेम म्हणजे शेवटचा टप्पा २४०० वरून २३५० ला ओढा. शेवटचं संकट, मग ते प्रेथोरिन असोत, अनबिडन असोत की कंटिंजन्सी, मूळ सेटिंगवर इतकं उशिरा येतं की तोवर बहुतेक डाव सोडून दिलेले असतात. पन्नास वर्षं आधी आणलं की खेळाडू अजून जागा असतो. संकटाची ताकद मात्र पहिल्या खेपेला एकपट ठेवा, कारण तयारीलाही पन्नास वर्षं कमी मिळतात.

अर्थव्यवस्थेत नवखे जिथे हमखास अडकतात ती जागा जवळून पाहू. युद्ध दिसू लागतं, जहाजांसाठी अलॉय (मिश्रधातू) हवं असतं, म्हणून खेळाडू एका दमात अलॉयच्या नोकऱ्या वाढवतो. त्या स्पेशालिस्ट थरातल्या नोकऱ्या आहेत. रिकामी वरची नोकरी दिसली की खाणीतला कामगार आपणहून वर चढतो. खाण ओस पडते. आता खनिजं कमी येतात आणि अलॉयची भट्टी तर खनिजंच खाते, म्हणजे उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला, तेही एकाच निर्णयाने. कंझ्युमर गुड्ससुद्धा खनिजांतूनच बनतात, त्यामुळे त्यांचाही तुटवडा येतो. मग लोकांची नाराजी, स्थैर्यात घट, आणि स्थैर्य घटलं की सगळ्याच नोकऱ्यांचं उत्पादन घटतं. उलट फिरणंही सोपं नाही, कारण वर चढलेला पॉप पुन्हा खाली यायला वेळ घेतो. उपाय कंटाळवाणा आहे पण अचूक: रिकाम्या हातांइतक्याच नोकऱ्या बांधा, महिन्याच्या जमाखर्चात खनिजं भरघोस शिल्लक असल्याशिवाय नवी भट्टी घालू नका, आणि तूट आलीच तर नव्या नोकऱ्या तात्पुरत्या बंद करून बाजारातून दरमहा थोडी थोडी खनिजं घ्या. एकदम मोठी खरेदी केली की भाव चढतो आणि तोंडमिळवणी आणखी अवघड होते. ४.० पासून बाजारातला व्यवहार ट्रेड नावाच्या साधनात होतो, ऊर्जेत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता मूळ प्रश्न: कारभार कोण पाहतं? 'स्टेलारिस'मध्ये ग्रहागणिक स्वयंचलित कारभार लावता येतो, पण आधी ग्रहाचं काम ठरवून द्यावं लागतं. फक्त खाणी, फक्त शेती, फक्त ऊर्जा अशा एककलमी ग्रहांवर तो बिनधास्त सोपवा. राजधानी, अलॉयचे आणि संशोधनाचे ग्रह मात्र स्वतःच्या हातात ठेवा, कारण तिथली प्रत्येक इमारत दुसऱ्या ग्रहांच्या उत्पन्नावर बोजा टाकते. जहाजांचा आराखडा संगणकावर सोपवणं तर टाळाच. तो सगळ्या शस्त्रांची भेळ करतो आणि ते आरमार कशालाच धड पुरत नाही. शत्रूच्या जहाजांवर ढाली जास्त असतील तर तोफा, चिलखत जास्त असेल तर लेझर, ढालींना वळसा घालायचा असेल तर क्षेपणास्त्रं; शत्रूकडे पॉइंट डिफेन्स (येणारी क्षेपणास्त्रं वाटेतच पाडणारी शस्त्रं) दिसला तर क्षेपणास्त्रं मागे घ्या. चढाईच्या आधी हेरगिरी करून किंवा एखादी चकमक पाहून शत्रूचे आराखडे तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि बरोबरीच्या युद्धाचा निकाल बहुधा तिथेच लागतो.

युद्धातली दुसरी गोम म्हणजे दावे. ज्या ताऱ्यावर दावा ठोकलेला नाही तो जिंकून ताब्यात घेतला तरी 'जैसे थे' तहात परत जातो. युद्धाचा थकवा शंभर टक्क्यांवर गेल्यावर २४ महिन्यांनी शत्रू तो तह लादू शकतो. म्हणून इन्फ्लुअन्स (राजकीय वजन, जे दाव्यांवर खर्च होतं) साठवून दावे युद्ध पुकारण्याआधी ठोका, आणि अर्ध्या राज्याऐवजी खिंडीतले आणि वस्ती असलेले चार-पाच तारे निवडा.

डीएलसींची, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जोडभागांची, रांग पाहून बरेच जण बिचकतात आणि ते रास्त आहे. सगळ्या एकदम घेऊ नका. मूळ खेळ एक पूर्ण डाव खेळा. पुढे महिन्याच्या सदस्यत्वावर सगळ्या डीएलसी उघडतात, त्यात काय आवडतं ते कळतं. यंत्रमानवांचं राज्य हवं असेल तर २०२४ची 'द मशीन एज' भरगच्च आहे, तह-करार आवडत असतील तर २०२०ची 'फेडरेशन्स'. मित्रांबरोबर खेळताना डाव उभा करणाऱ्याच्या डीएलसी सगळ्यांना मिळतात, त्यामुळे चौघांनी चार संच घेण्याची गरज नाही.

संगणकाच्या बुद्धीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण ही तक्रार सगळ्याच खेळांना लागू पडते. अवघड पातळी निवडली म्हणजे समोरचा हुशार होतो असं नाही. 'स्टेलारिस'च्या 'ग्रँड ॲडमिरल' पातळीवर एआयला उत्पादनात घसघशीत वाढ मिळते, डोकं तेच. म्हणून सुरुवातीला तो चिरडतो आणि शंभर वर्षांनी पुन्हा लुळा पडतो. स्केलिंगचा पर्याय चालू ठेवला की ही मदत हळूहळू चढते आणि चुरस उत्तरार्धापर्यंत टिकते. पण रोग यंत्रणेतच आहे: नियम जितके गुंतागुंतीचे, तितका त्यांचा वापर करणारा एआय लिहिणं कठीण. दर दोन वर्षांनी अर्थव्यवस्था बदलणाऱ्या खेळात एआय कायम एक पाऊल मागे राहतो. १९९३च्या 'ओरायन'मध्ये वसाहतीला पाच स्लायडर (उत्पादनाची वाटणी ठरवणाऱ्या सरकपट्ट्या) होते, आणि ते पाच स्लायडर संगणकालाही झेपत.

कारभार सोपवण्याच्या कसोटीवर सगळ्यात पुढे आहे तो 'डिस्टंट वर्ल्ड्स २'. कोडफोर्सने केलेला आणि मॅट्रिक्सने मार्च २०२२ मध्ये आणलेला हा खेळ सलग वेळेत चालतो, हवं तेव्हा थांबवता येतो. यात अर्थव्यवस्थेचा मोठा हिस्सा खेळाडूच्या हातात नाहीच. मालवाहू जहाजं, खाणीची जहाजं, प्रवासी जहाजं ही खाजगी मालकीची असतात. ती आपल्या बुद्धीने माल उचलतात, पोचवतात, आणि सरकार त्यांच्याकडून कर घेतं. सरकारचं काम तळ उभारणं, खाणींच्या जागा ठरवणं, आरमार राखणं. प्रत्येक खात्याला तीन पातळ्या आहेत: सगळं स्वतः करा, खेळ सुचवेल आणि तुम्ही मंजूर कराल, किंवा पूर्ण सोपवा. मधली पातळी हा या खेळाचा खरा दागिना आहे. सूचना येते, तिच्यामागचं कारण दिसतं, आणि हो किंवा नाही म्हणत म्हणत खेळ शिकता येतो. 'ओरायन'च्या तिसऱ्या भागाला जे जमलं नाही ते इथे जमलं आहे.

पहिल्या डावाला प्री-वॉर्प, म्हणजे ताऱ्यांमधल्या प्रवासाचं तंत्र मिळण्याआधीची, सुरुवात निवडा. काही काळ घरच्याच सूर्यमालेत जातो, पण माल कुठून कुठे जातो हे त्यातच समजतं. संशोधन, मुत्सद्देगिरी आणि आरमार स्वतःकडे, वसाहती आणि बांधकाम सूचनेवर, बाकी सगळं पूर्ण सोपवलेलं, अशी मांडणी बहुतेकांना मानवते. जहाजांच्या आराखड्यांबाबत मात्र धरसोड करू नका. ते खातं स्वतःकडे घेतलं आणि नवं इंजिन शोधल्यावर आराखडे बदलायचे राहून गेले, तर कारखाने जुन्याच वकुबाची जहाजं काढत बसतात. आणि खातं सोपवलेलं ठेवून मधूनच स्वतःचे आराखडे घुसवले, तर यादीत दोघांचे आराखडे मिसळतात आणि कुठलं जहाज कुठल्या आराखड्यावर आहे ते कळेनासं होतं.

इथे डाव बिघडतो तो रसदीमुळे. जहाजं इंधनावर चालतात. अणुभट्टीच्या प्रकाराप्रमाणे कॅस्लॉन किंवा हायड्रोजन लागतं आणि ते कुठल्या तरी वायुग्रहावरून किंवा ढगातून उपसून आणावं लागतं. आरमार शत्रूच्या दारात जाऊन टाकी रिकामी करून बसलं की ते ना लढतं ना परततं. उपाय तीन. आघाडीच्या ताऱ्याजवळ इंधनाची खाण आधी उभारा, आरमाराचा मुख्य तळ तिथे बदला, आणि किती लांब जाऊन भिडायचं याची मर्यादा आखूड ठेवा. जोडीला इंधनाची टँकर जहाजं आरमारात ठेवली की लांबच्या मोहिमा निभावतात. एखादा स्पेसपोर्ट अर्ध्यावर अडकला असेल तर पैशांकडे नंतर बघा. बहुतेक वेळा एखादं खनिजच पोचलेलं नसतं. बांधकामाच्या तपशिलात कशाची वाट पाहतोय ते दिसतं, आणि त्या खनिजाची एक खाण सगळी कोंडी फोडते.

पैशांची गोम वेगळी. खाजगी मंडळी सरकारी गोदीतून जहाजं विकत घेतात तेव्हा तिजोरीत भर पडते, पण ती भर कायमची नव्हे. सुरुवातीला सगळेच जहाजं घेतात, तिजोरी फुगते, आणि खेळाडू त्या भरवशावर युद्धनौका बांधतो. खाजगी खरेदी ओसरली की देखभालीचा खर्च तसाच राहतो आणि महिन्याची बाकी उणे होते. आरमाराचा आकार नियमित उत्पन्नावर ठरवा, शिलकीवर नाही. हा खेळही सुरुवातीच्या दिवसांत फार क्रॅश होत असे. पुढच्या दुरुस्त्यांनी तो बराच सावरला. त्याचं खरं वैगुण्य आता वेगळं आहे: जाती वेगवेगळ्या असल्या तरी कथा, प्रसंग, व्यक्तिरेखा यांत 'स्टेलारिस'ची श्रीमंती नाही. यंत्रणा पाहण्यात ज्यांना आनंद आहे त्यांच्यासाठी मात्र याच्याइतकं जिवंत जग दुसरं नाही.

'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर २' ने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला: कारभारच कमी ठेवला. आयर्नक्लॅडचा हा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये स्टीमवर आला. क्रेडिट, धातू, स्फटिक ही तीन मुख्य साधनं आणि मोठ्या जहाजांसाठी काही दुर्मिळ द्रव्यं, बस. २००८चा पहिला भाग ३२-बिट असल्याने मोठ्या नकाशात, विशेषतः मॉड लावल्यावर, मेमरी संपून कोसळत असे. नवं इंजिन ६४-बिट आहे आणि अनेक कोअर वापरतं, त्यामुळे हजारभर गोळे हवेत असतानाही पडदा अडखळत नाही. ग्रह आता सूर्याभोवती फिरतात. आजची खिंड तासाभराने उघडं मैदान होते, म्हणून पक्का स्टारबेस बांधण्याआधी पुढच्या कक्षा पाहून घ्या. क्षेपणास्त्रं खरोखर उडत जातात आणि वाटेत पाडली जातात, त्यामुळे पॉइंट डिफेन्सच्या नौकांना खरं काम आहे. कुमक मागवणं तर फारच सुटसुटीत: आरमाराच्या चौकटीतूनच जहाज मागवा, ते जवळच्या कारखान्यात तयार होऊन आपणहून येऊन मिळतं. आडव्या-तिडव्या राजकारणाची अपेक्षा मात्र ठेवू नका. संध्याकाळभरात डाव संपावा असं वाटत असेल तर पहिली शिफारस हीच.

'एंडलेस स्पेस २' (अँप्लिट्यूड, २०१७) जातींच्या वेगळेपणात अजूनही सगळ्यांना मागे टाकतो. व्होडियानी ग्रहांवर न राहता महानौकांत राहतात आणि इतरांच्या लोकसंख्येतून सत्त्व शोषतात. क्रेव्हर ग्रह ओरबाडून निकामी करतात. अनफॉलन वेलींनी तारे जोडत जातात. जात बदलली की डावाचं गणितच बदलतं. नवखे इथे अडतात ते अतिवसाहतीमुळे: ठरावीक संख्येच्या पुढे प्रत्येक नवी सूर्यमाला साऱ्या साम्राज्याची खुशी खाली खेचते, आणि खुशी पडली की उत्पादन पडतं. मर्यादेपाशी थांबा, ती वाढवणारं संशोधन आणि खुशीच्या इमारती आधी मिळवा, मग पुढचं पाऊल. लढाईत डावपेचाचा पत्ता (कार्ड) निवडून फक्त पाहायचं असतं. तोफा आखूड पल्ल्याच्या आणि क्षेपणास्त्रं लांबच्या, त्यामुळे आराखडा आणि पत्ता यांचा पल्ला जुळला पाहिजे. एआय दुबळा आहे. तरीही प्रत्येक जातीची कथा एकेकदा अनुभवण्यासाठी तो घ्यावाच.

स्टारडॉकच्या 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स ४' मध्ये एक नामी युक्ती आहे. सगळे ग्रह सारखे नाहीत. मोजके मुख्य ग्रह तुम्ही सांभाळायचे, तिथे राज्यपाल नेमायचा. बाकीच्या वसाहती आपलं उत्पन्न जवळच्या मुख्य ग्रहाकडे पाठवतात आणि पुन्हा कधी समोर येत नाहीत. तीस ग्रहांचं राज्य सहा-सात पडद्यांवर मावतं. २०२२च्या मूळ आवृत्तीपेक्षा २०२३ची 'सुपरनोव्हा' घ्या. गुणवत्तेने उत्तम ग्रहच मुख्य करा. प्रत्येकाला राज्यपाल देत सुटलात तर ही सोयच हातची जाते.

'टेरा इन्व्हिक्टा' या यादीत थोडा परका आहे, कारण त्याचं साम्राज्य आपल्याच सूर्यमालेत मावतं आणि अर्धा खेळ पृथ्वीवरच्या देशांच्या राजकारणात जातो. 'लाँग वॉर' या गाजलेल्या मॉडची मंडळी म्हणजेच पॅव्होनिस, त्यांनी तो सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. सात गट, खऱ्या कक्षा, खरा डेल्टा-व्ही (यान आपला वेग एकूण किती बदलू शकतं ते). मंगळाकडे जायची सोयीची वेळ खरोखर साधारण २६ महिन्यांनी येते आणि ती चुकली तर दुप्पट इंधन किंवा नुसती वाट. सुरुवातीचा बूस्ट (पृथ्वीवरून वजन वर नेण्याची क्षमता) पृथ्वीभोवतीच्या दिखाऊ स्थानकांवर उधळू नका. चंद्रावर, मग मंगळावर प्रोब पाठवून साठे तपासा आणि पहिला खर्च खाणींवर करा; पाणी आणि धातू वरच मिळू लागले की पृथ्वीवरून उचलायचं वजन झपाट्याने घटतं. जहाजं आणि खाणी मिशन कंट्रोल (अंतराळातला पसारा सांभाळण्याची क्षमता) खातात, आणि तो वापर फार वाढला की परग्रहवासी तुमच्यावर डूख धरतात. तयारीविना तो आकडा फुगवणं हे डाव हरण्याचं सगळ्यात मोठं कारण. कारभार सोपवण्याच्या कसोटीवर मात्र हा खेळ नापास आहे. मधली वर्षं लांबतच जातात, आणि एका डावाला महिने लागू शकतात हे ठाऊक असेल तरच यात पडा.

नावाला भुलून खरेदी करू नये, याला दोन उदाहरणं पुरेत. २०१६ साली वॉरगेमिंगने 'मास्टर ऑफ ओरायन' नव्याने आणला. दिसायला देखणा, खेळायला पोकळ. तो करणाऱ्या स्टुडिओनेच पुढे निंबल जायंट या नावाने पॅराडॉक्ससाठी 'स्टार ट्रेक: इन्फिनिट' केला. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि सुमारे सहा महिन्यांत त्याचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. या प्रकारातले खेळ पहिल्या दिवशी क्वचितच पक्के असतात, ते दुरुस्त्यांनी घडतात. त्यामुळे विकत घेण्याआधी ट्रेलर पाहिला नाही तरी चालेल, शेवटचा पॅच कधी आला ते पाहा.

यंत्राबद्दल थोडंसं. 'सिन्स' सोडला तर यातल्या कुठल्याही खेळाला भारी ग्राफिक्स कार्ड तारत नाही. उत्तरार्ध मंदावतो तो प्रोसेसरमुळे, आणि त्यातही एका कोअरचा वेग आणि कॅशचा (प्रोसेसरमधल्या झटपट मेमरीचा) आकार जास्त मोलाचा. कोअर वाढवून फारसा फरक पडत नाही, नकाशा लहान करून पडतो.

फुकट खेळांकडे दुर्लक्ष करू नका. 'ऑरोरा फोर-एक्स' हा स्टीव्ह वॉल्म्सली यांचा खेळ तक्त्यांचाच बनलेला आहे. रडारचं रेझोल्यूशन, क्षेपणास्त्राच्या टाकीतलं इंधन, सुटे भाग, सगळं तुम्ही ठरवायचं. २०२० पासूनची सी-शार्प आवृत्ती घ्या. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असेल तर तो टिंब करा, नाहीतर आकडे चुकून खेळ सुरुवातीलाच त्रुटी फेकत सुटतो. 'फ्रीओरायन' मुक्त स्रोत आहे, पुरवठ्याच्या कक्षेवर उभा आहे आणि अनेकांनी मिळून खेळायला बरा.

आणि 'रेम्नंट्स ऑफ द प्रिकर्सर्स'. रे फाउलर यांनी १९९३च्या 'ओरायन'चे नियम जवळजवळ जसेच्या तसे जावामध्ये नव्याने उभे केले आहेत. वसाहतीला तेच पाच स्लायडर, जहाजांचे आराखडे मोजकेच, आणि तंत्रज्ञानाच्या यादीतल्या काही गोष्टी प्रत्येक डावात गायब, म्हणजे पाठ केलेली वाट चालत नाही. एआय याच नियमांसाठी मेहनतीने लिहिलेला आहे आणि तो खरोखर चावतो. पहिल्या डावात एकच पथ्य पाळा: नवी वसाहत वसली की आधी प्रदूषण निस्तरण्यापुरता पर्यावरणाचा स्लायडर, उरलेलं सगळं कारखान्यांना, आणि कारखाने पुरे झाल्यावरच संशोधन. आकाशगंगेचा मोठा भाग वसला की दर पंचवीस वर्षांनी परिषद भरते आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मतं पडतात. दोन तृतीयांश मिळाली की डाव तिथेच संपतो. शंभर ग्रह एकेक करून जिंकायची पाळी येत नाही. म्हणून मतदानाच्या दहा-वीस वर्षं आधीपासून तह करा, तंत्रज्ञान वाटा, आणि सर्वात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्या कोणाशी तरी झुंजत ठेवा. मतदान विरुद्ध गेलं तर निकाल धुडकावता येतो, पण मग उरलेले सगळे एकत्र येऊन अंगावर येतात. तेव्हा नकार देण्याआधी सीमेवरच्या ग्रहांचे क्षेपणास्त्रतळ आणि ढाली पुऱ्या झाल्या आहेत ना, ते एकदा पाहून घ्या.